भिलाईच्या पोलादामागचा प्रदेश : ‘रशिया’ या एका शब्दात न मावणारे जग

भिलाई (छत्तीसगड) : नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालेली रेल्वेगाडी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव आणि दुर्ग ही स्थानके मागे टाकून भिलाईजवळ येते, तेव्हा भातशेतीच्या सपाट प्रदेशात पोलाद कारखान्याच्या चिमण्या दिसू लागतात. या कारखान्याची ओळख सात दशके ‘रशियाच्या मदतीने उभा राहिलेला’ अशीच करून दिली जाते. शालेय पुस्तकांतही तसेच छापले जाते. ही ओळख खोटी नाही. मात्र ती अपुरी आहे. भिलाईचा करार ज्या राष्ट्राशी झाला, त्याचे नाव सोव्हिएत संघ होते आणि रशिया हे त्याच्या पंधरा प्रजासत्ताकांपैकी एक होते. हा फरक पूर्वी केवळ अभ्यासकांच्या कामाचा वाटत असे. २०२२मध्ये त्याच संघातील दोन घटक, रशिया आणि युक्रेन, परस्परांविरुद्ध रणांगणात उतरल्यानंतर तो सर्वसामान्य वाचकाच्याही दारात येऊन उभा राहिला आहे.

बाल्टिक समुद्रापासून प्रशांत महासागरापर्यंत आणि आर्क्टिकपासून पामीरच्या पठारापर्यंत पसरलेला हा प्रदेश एके काळी पृथ्वीवरील भूभागाचा जवळजवळ सहावा हिस्सा होता. आज त्याला कोणी ‘सोव्हिएतोत्तर अवकाश’ म्हणतात, तर कोणी ‘युरेशिया’. दोन्ही नावांत राजकारण आहे. पहिले नाव तेथील जनतेला कायमचे भूतकाळाशी बांधून ठेवते, तर दुसरे पुन्हा मॉस्कोला केंद्रस्थानी बसवते, अशी तक्रार त्या देशांतूनच ऐकू येते. या प्रदेशाची तोंडओळख करून घेण्यासाठी भारतात भिलाईइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. कारण त्याची अर्थव्यवस्था, त्याचे राजकारण आणि त्याच्या मर्यादा यांचा प्रत्यक्ष पडताळा येथे घेता येतो.

भिलाईचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी नवी दिल्लीत झाला. त्या दिवशी भिलाई ज्या मध्य प्रदेशात होते, त्याची राजधानी नागपूर होती आणि विदर्भाचे जिल्हेही त्याच राज्यात होते. मराठी वाचकाला या गोष्टीचा बहुधा विसर पडतो. छत्तीसगडचा नागपूरशी संबंध त्याहूनही जुना आहे. १७४१मध्ये भास्करपंतांच्या स्वारीनंतर रतनपूरचे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले आणि १८५४मध्ये नागपूर खालसा होईपर्यंत हा मुलूख त्यांच्याकडेच राहिला. कारखाना छत्तीसगडात यावा यासाठी मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांनी केलेला पाठपुरावा नागपुरातूनच झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि बांधकाम चालू असतानाच भिलाई व नागपूर यांच्यामध्ये राज्याची सीमा आखली गेली.

कराराच्या अटी सोव्हिएत अर्थव्यवस्थेवर बराच प्रकाश टाकतात. दहा लाख टन वार्षिक क्षमतेच्या कारखान्यासाठी सुमारे ६४ कोटी रुपयांचे कर्ज अडीच टक्के व्याजाने आणि बारा वार्षिक हप्त्यांत फेडण्याच्या बोलीवर मिळाले. त्याच सुमारास राउरकेला येथे पश्चिम जर्मनीच्या आणि दुर्गापूर येथे ब्रिटनच्या सहकार्याने पोलाद कारखाने उभे राहत होते. सोव्हिएत व्यवहाराचे वेगळेपण असे की, परतफेड रुपयांत करता येत असे आणि त्या रुपयांतून सोव्हिएत संघ भारताकडून चहा, ताग, चामडे, मसाले अशा वस्तू खरेदी करी. डॉलर आणि पौंड यांची चणचण असलेल्या नवस्वतंत्र देशाला ही सवलत मोठी होती. तिकडे किमती बाजार ठरवत नव्हता. मॉस्कोतील नियोजन मंडळ, म्हणजे ‘गोसप्लान’, ठरवत होते. त्यामुळे यंत्राच्या बदल्यात चहा हा सौदा तेथील नियोजनकारांना विचित्र वाटत नसे. आपल्याकडे त्याला मैत्री म्हटले गेले. मैत्री होतीच, पण तो त्या व्यवस्थेचा रोजचा हिशेबही होता.

करारानंतर चार महिन्यांनी, जून १९५५मध्ये, पंतप्रधान जवाहरलाल नेहरू सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर गेले. ताश्कंद आणि समरकंदबरोबरच उरल पर्वतातील मॅग्निटोगोर्स्क हे पोलादनगरही त्यांनी पाहिले. मॅग्निटोगोर्स्कची उभारणी १९२९मध्ये सुरू झाली आणि १९३२मध्ये तेथे पहिले लोखंड वितळले. निर्जन माळावर कारखाना आणि त्याच्याभोवती वसाहत, शाळा, रुग्णालय, सांस्कृतिक भवन असे संपूर्ण शहर वसवण्याची ही रीत पुढे भिलाईच्या सेक्टरांतही ओळखू येते. तथापि, त्या शहराच्या जन्मकथेचा दुसरा भाग पाहुण्यांना सांगितला जात नव्हता. जमिनीच्या सामुदायिकीकरणाला विरोध केल्याच्या आरोपावरून गावांतून हद्दपार केलेले हजारो शेतकरी तेथे राबत होते. धान्याच्या सक्तीच्या वसुलीमुळे त्याच काळात, १९३२-३३मध्ये, युक्रेनमध्ये लक्षावधी माणसे उपासमारीने मेली आणि कझाकस्तानातील पशुपालक समाज उद्ध्वस्त झाला. युक्रेनमध्ये ही घटना ‘होलोदोमोर’ या नावाने स्मरली जाते. आजच्या युद्धाकडे पाहताना युक्रेनी जनतेच्या मनात तीच आठवण जागी असते, हे ध्यानात घेतल्यावाचून तेथील राजकारण उलगडत नाही.

भिलाईच्या बांधकामाच्या ऐन काळात सोव्हिएत तज्ज्ञांचे नेतृत्व मुख्य अभियंता व्हेनियामिन दिमशित्स यांच्याकडे होते. मॅग्निटोगोर्स्कच्या बांधकाम संस्थेचे प्रमुखपद त्यांनी भूषवले होते आणि दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या, युक्रेनमधील झापोरिझ्झिया येथील उद्योगांच्या पुनर्बांधणीतही ते होते. पुढे ते सोव्हिएत सरकारात उपपंतप्रधान झाले. भिलाईकरांच्या लेखी ते ‘रशियन साहेब’ होते. प्रत्यक्षात ते ज्यू कुटुंबातले होते आणि त्यांचा जन्म १९१०मध्ये क्रिमियातील फिओदोसिया या बंदरात झाला होता. क्रिमिया १९५४मध्ये, म्हणजे भिलाई कराराच्या आदल्याच वर्षी, रशियन प्रजासत्ताकाकडून युक्रेनकडे सोपवण्यात आला. तेव्हा हा एकाच संघराज्यातला प्रशासकीय बदल मानला गेला. २०१४मध्ये रशियाने तो द्वीपकल्प बळकावला आणि जुन्या कागदावरची ती नोंद आंतरराष्ट्रीय संघर्षाचे कारण ठरली.

यंत्रांचेही तसेच. भिलाईसाठी अवजड सामग्री पुरवणाऱ्या कारखान्यांत उरलमधील स्वेर्दलोव्स्कचा ‘उरलमाश’ होता आणि दोनबास भागातील क्रामातोर्स्कचा ‘नोवोक्रामातोर्स्क’ यंत्रनिर्माण कारखानाही होता. स्वेर्दलोव्स्क आज येकातेरिनबुर्ग या जुन्या नावाने रशियात आहे. क्रामातोर्स्क युक्रेनमध्ये असून २०२२पासून क्षेपणास्त्रांच्या माऱ्याखाली आहे. पोलादाच्या एकाच कारखान्यासाठी खपलेली ही दोन शहरे आज युद्धाच्या दोन बाजूंना आहेत.

राष्ट्राध्यक्ष राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. पुढच्याच वर्षी निकिता ख्रुश्चेव्ह कारखाना पाहून गेले. १९६७मध्ये क्षमता २५ लाख टनांवर आणि १९८८मध्ये ४० लाख टनांवर गेली. भारतीय रेल्वेचे रूळ प्रामुख्याने येथेच तयार होतात. दोन देशांच्या स्नेहाची खूण म्हणून १९७२मध्ये येथे ‘मैत्री बाग’ हे उद्यान व प्राणिसंग्रहालय उभारण्यात आले. शहराच्या सहलीचे ते आजही पहिले ठिकाण आहे.

महाराष्ट्राचा या प्रदेशाशी संबंध भिलाईच्या कितीतरी आधीचा. त्व्हेर या व्होल्गाकाठच्या शहरातला व्यापारी अफानासी निकितिन १४७०च्या आसपास समुद्रमार्गे चौल येथे उतरला. विक्रीसाठी त्याने एक घोडा बरोबर आणला होता. जुन्नरच्या सुभेदाराने तो हिसकावून घेतला आणि धर्मांतर केल्यास परत देईन अशी अट घातली. एका ओळखीच्या खुरासानी गृहस्थाने मध्यस्थी केल्याने घोडाही परत मिळाला आणि धर्मही राहिला. बहामनी राजधानी बिदरपर्यंत जाऊन निकितिन परत निघाला, काळा समुद्र ओलांडून काफा बंदरात पोहोचला आणि स्मोलेन्स्क गाठण्यापूर्वीच वाटेत मरण पावला. काफा म्हणजेच आजचे फिओदोसिया, दिमशित्स यांचे जन्मगाव. निकितिनची टिपणे हे दख्खनविषयीच्या आरंभीच्या युरोपीय वर्णनांपैकी एक असून रेवदंडा येथे त्याचे स्मारक आहे. त्याच्या प्रवासावर भारत आणि सोव्हिएत संघ यांनी मिळून काढलेला ‘परदेसी’ हा चित्रपट १९५७मध्ये, भिलाईची उभारणी चालू असतानाच, पडद्यावर आला.

विसाव्या शतकात हे नाते विचारांचे झाले. अण्णा भाऊ साठे यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला आणि मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वस्त्यांत तो गाजला. १९६१मध्ये त्यांनी सोव्हिएत संघाचा प्रवास केला व ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक लिहिले. २०२२मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळाही बसवण्यात आला. मॉस्कोत छापलेली, गुळगुळीत कागदाची स्वस्त मराठी पुस्तके मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचत आणि त्यातून टॉलस्टॉय, चेखव्ह, गॉर्की घरोघरी गेले. चिंगीझ ऐत्मातोव्हही त्याच वाटेने आला. तो किर्गिझ होता. त्याची माणसे स्तेपीतल्या घोड्यांची, उंटांची आणि आगगाडीच्या फाट्यावरची होती. मराठीत मात्र तोही ‘रशियन लेखक’ म्हणूनच वाचला गेला. संघराज्याला ‘रशिया’ म्हणण्याची सवय इतकी रुजलेली होती की, पुस्तकाच्या पानावर दुसरा देश उघडा असतानाही तो वाचकाला दिसला नाही.

तो दुसरा देश समजून घेण्यासाठी मध्य आशियाकडे वळावे लागते. येथे मराठी वाचकाला एक उपयुक्त आधार आहे आणि तो म्हणजे भाषावार प्रांतरचना. झारच्या सैन्याने १८६५मध्ये ताश्कंद जिंकले, तेव्हा त्या प्रदेशात बुखारा, खीवा, कोकंद अशी राज्ये होती. त्यांच्या सीमा भाषेवर बेतलेल्या नव्हत्या. एकाच बाजारात तुर्की आणि फारसी दोन्ही बोलल्या जात. सोव्हिएत राजवटीने १९२४पासून तेथे भाषा व वांशिक ओळख यांच्या आधारे नवी प्रजासत्ताके आखली. फर्गाना खोऱ्याचे तर उझबेकिस्तान, किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान असे तीन भाग झाले, काही गावे परक्या हद्दीत बेटांसारखी अडकली. बाबराचे अंदिजान याच खोऱ्यात आहे. संघराज्य अस्तित्वात होते तोवर या रेषा नकाशापुरत्या होत्या. २६ डिसेंबर १९९१ रोजी संघ औपचारिकपणे विसर्जित झाला आणि त्याच रेषांवर चौक्या बसल्या, पाणी व कुरणे यांवरून चकमकी झाल्या. बेळगाव प्रश्नाची धग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अंतर्गत म्हणून आखलेली सीमा पुढे किती खोल जाते हे वेगळे सांगावे लागत नाही. येथे मात्र ती दोन सार्वभौम देशांमधली सीमा होती. किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान यांचा सीमाकरार अखेर मार्च २०२५मध्ये झाला.

भाषेच्या अंगानेही हा प्रदेश वाटतो तितका परका नाही. उझबेक, कझाक, किर्गिझ आणि तुर्कमेन या तुर्की कुळातल्या भाषा. ताजिक मात्र फारसीचेच रूप. फडणवीस, चिटणीस, पोतनीस या मराठी आडनावांतला ‘नवीस’ किंवा ‘नीस’ म्हणजे लिहिणारा, आणि ताजिक भाषेत लेखकाला आजही ‘नविसंदा’ म्हणतात. दख्खनच्या दफ्तरांत फारसी ज्या मार्गांनी आली, त्यांपैकी एक मार्ग याच प्रदेशातून येत होता.

राजकारणाचा धडा भिलाईला बाहेरून शिकण्याची गरज पडली नाही. सोव्हिएत संघ स्वतःला कामगारांचे राज्य म्हणवत असे; त्याच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या कारखान्याच्या खाणींतली स्थिती मात्र निराळी होती. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा येथे कायम कामगारांना निवासस्थान, वैद्यकीय सेवा व निश्चित वेतन होते आणि ठेकेदाराकडील खनिज फोडणाऱ्या मजुरांच्या, त्यातही आदिवासी स्त्री-पुरुषांच्या, वाट्याला यांतले फारसे काही येत नव्हते. १९७७मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली हे मजूर संघटित झाले. २ व ३ जून १९७७ रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात अकरा जण ठार झाले. तरीही संघटना टिकली. तिने दारूबंदीची मोहीम चालवली आणि १९८३मध्ये कामगारांच्या वर्गणीतून व श्रमातून शहीद रुग्णालय उभे केले. खाणींच्या पूर्ण यांत्रिकीकरणाला तिचा विरोध होता, पण तो कोरा नकार नव्हता. यंत्र आणि माणूस दोघांनाही काम राहील अशा अर्ध-यांत्रिकीकरणाचा सविस्तर प्रस्ताव तिने मांडला. अवाढव्य यंत्र म्हणजेच प्रगती, हा सोव्हिएत नियोजनातून आलेला आणि भारतीय नियोजनाने सहज स्वीकारलेला विश्वास होता. त्याला खाणमजुरांनी दिलेले हे उत्तर या संपूर्ण इतिहासातली सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हटली पाहिजे.

भिलाईच्या परिसरातील खासगी उद्योगांतील कंत्राटी कामगारांचा लढा चालू असताना २८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटे नियोगी यांची त्यांच्या निवासस्थानी, झोपेत असताना, गोळ्या घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाईत रेल्वेमार्गावर बसलेल्या आंदोलकांवर झालेल्या गोळीबारात अनेक कामगार मृत्युमुखी पडले. या दोन तारखांच्या मधल्या काळात क्रेमलिनवरील लाल निशाण उतरले होते. दोन्ही घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. पण भारताने आर्थिक उदारीकरण स्वीकारले तेही १९९१चेच वर्ष होते आणि भिलाई ज्या जगासाठी उभारले गेले होते, ते जग दोन्ही टोकांना एकदमच बदलले.

संघाच्या विघटनानंतर पहिला व्यावहारिक प्रश्न जुन्या कर्जाचा होता. रूबल कोसळला होता, मग देणे कोणत्या दराने मोजायचे? जानेवारी १९९३मध्ये बोरिस येल्त्सिन यांच्या भारतभेटीत त्यावर तोडगा निघाला आणि भारताचे देणे रशियाकडे वर्ग झाले. तिकडे एकाच उद्योगावर जगणारी शहरे, ज्यांना रशियन भाषेत ‘मोनोगोरोद’ म्हणतात, कारखाने थंडावताच ओस पडू लागली. भिलाईत असे घडले नाही. कामगारसंख्या घटत गेली. उत्पादन मात्र चालू राहिले आणि १४ जून २०१८ रोजी विस्तारित व आधुनिक कारखाना राष्ट्राला अर्पण करण्यात आला. त्यातील ‘महामाया’ या प्रचंड झोतभट्टीसाठी तंत्रज्ञान पश्चिम युरोपीय कंपनीचे आहे. विक्रांत या स्वदेशी विमानवाहू नौकेसाठी लागलेल्या पोलादात भिलाईच्या पत्र्यांचा वाटा आहे.

रुपयांतील व्यवहाराचा जुना प्रश्न मात्र परत आला. युक्रेनवरील आक्रमणानंतर पाश्चात्त्य निर्बंधांमुळे रशिया सवलतीत खनिज तेल विकू लागला आणि भारत त्याचा मोठा ग्राहक झाला. जुलै २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपयांत आंतरराष्ट्रीय व्यापार करण्याची मुभा दिली. परंतु १९५५मध्ये रशियाला हवा असलेला चहा आणि ताग भारताकडे होता; आता भारताची खरेदी प्रचंड आणि विक्री तुटपुंजी. शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी मे २०२३मध्ये गोव्यात आलेले रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव्ह यांनी भारतीय बँकांत साचलेले अब्जावधी रुपये वापरता येत नसल्याचे उघडपणे सांगितले. मुंबईहून इराणमार्गे कॅस्पियन समुद्राकडे आणि तेथून मॉस्कोकडे जाणाऱ्या उत्तर-दक्षिण वाहतूक मार्गाचा करार २०००मध्येच झाला आहे. तो मार्ग पूर्ण क्षमतेने चालला तर त्याचा लाभ केवळ रशियाला नव्हे, तर कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान, अझरबैजान यांनाही होणार आहे. या देशांशी स्वतंत्रपणे बोलण्याची सवय दिल्लीच्या परराष्ट्र व्यवहाराला बऱ्याच उशिरा लागली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

या प्रदेशाशी आज सर्वाधिक थेट संबंध येतो तो वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा. २०२२मध्ये ‘ऑपरेशन गंगा’ मोहिमेतून युक्रेनमधील भारतीयांना परत आणावे लागले, तेव्हा त्यांत बहुसंख्य वैद्यकीय विद्यार्थी होते. त्यानंतर अनेक कुटुंबांनी बिश्केक, ताश्कंद, अल्माटी यांचा पर्याय निवडला. मे २०२४मध्ये बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमावाने हल्ले केले आणि पुन्हा पालकांचे दूरध्वनी दूतावासाकडे वाजू लागले. शिक्षण इंग्रजीत होत असले, तरी रुग्ण इंग्रजी बोलत नाहीत. किर्गिझस्तानात किर्गिझ ही राज्यभाषा आणि रशियन ही अधिकृत भाषा आहे, दोन्ही सिरिलिक लिपीत. उझबेक भाषेसाठी लॅटिन लिपी स्वीकारली गेली असून जुन्या पाट्यांवर सिरिलिकही दिसते. कझाक भाषेचे लॅटिन लिपीतले संक्रमण अद्याप पूर्ण झालेले नाही. रुग्णशय्येपाशी उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला कोणती भाषा व कोणती लिपी शिकावी लागेल, याचे उत्तर प्रत्येक शहरागणिक वेगळे आहे.